शेषराव सुरडकरांचं सफाईदार इंग्रजी

इंग्रजी न्यायाचं खरं वैभव हे, की आरोपी कितीही अडाणी असो, त्याच्या बाजूचा शब्द वरच्या कोर्टापर्यंत जसाच्या तसा पोचतो. बुलढाण्याला हे पोचवण्याचं काम कचेरीच्या मागच्या पडवीत चालत असे. तिथे एक टेबल होतं आणि शेषराव सुरडकर होते. टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे लिहिताना ते डाव्या गुडघ्यानं तोलून धरावं लागे. जिल्ह्याचा न्याय आपल्या गुडघ्यावर उभा आहे, असं शेषराव कधीकधी म्हणत. हसायला पडवीत दुसरं कोणी नसे.

शेषराव मूळचे अमडापूरचे, कास्तकाराच्या घरातले, आणि त्या पंचक्रोशीतले पहिले बी.ए. त्या काळी वऱ्हाड कागदावर निजामाचा होता, कारभाराला मध्यप्रांतात होता, आणि शिकायचं झालं तर घर सोडावं लागे. कॉलेजात पुण्याकडची मुलं त्यांच्या 'मले-तुले'ला इतकी हसली, की शेषरावांनी पहिल्याच वर्षी मराठी बोलणं कमी केलं आणि इंग्रजी जवळ केलं. इंग्रजी सगळ्यांनाच परकं, त्यामुळे त्यात सगळे सारखे चुकत. शेषरावांना समानता भेटली ती तिथेच. त्यांच्या प्रोफेसरांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती आणि ती त्यांनी पुढे जन्मभर पाळली. एका पानावर एकच शब्द दोनदा येणं हे लिहिणाऱ्याच्या दारिद्र्याचं लक्षण आहे. दारिद्र्य शेषराव घरून बघून आले होते. निदान कागदावर ते येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

नोकरी लागली ती भाषांतरकाराची. मराठीत झालेल्या साक्षींचं इंग्रजी करून अपिलाच्या कागदांत वर पाठवायचं, आणि वरून आलेला इंग्रजी निकाल पक्षकाराला मराठीत समजावून सांगायचा. कामाबद्दल कधी तक्रार आली नाही. मराठी येणारा ते इंग्रजी वाचत नसे आणि इंग्रजी वाचणाऱ्याला मराठी येत नसे.

त्यांच्या टेबलावर कोकिळेचं प्रकरण आलं ते असं.

कोकिळा मोताळ्याजवळच्या एका खेड्यातली. तिचं लग्न कडूबा नावाच्या माणसाशी झालं होतं. बरीच वर्षं मूल झालं नाही, तेव्हा कडूबानंच जातीच्या पंचांना बोलावलं. पंच पारावर बसले. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी दोघांच्या मधे धरून मोडली, एक तुकडा याच्या हातात दिला, एक तिच्या, आणि दोघांनी तो आपापल्या खांद्यावरून मागे फेकला. काडीमोड झाली. कोकिळा आईकडे, गोजरबाईकडे, परत आली. पुढे शेजारच्या गावच्या निवृत्तीशी तिचा पाट लागला. लग्न एकदा झालेल्या बाईचं दुसऱ्यांदा होतं त्याला पाट म्हणतात. त्याला वाजंत्री नसतं, पण जेवण असतं, आणि त्या जेवणाला कडूबाही होता. दोन वेळा वाढून घेतलं होतं त्यानं.

इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. तक्रार कोकिळेला मुलगा झाल्यावर सुरू झाली. मोताळ्याच्या बाजारात लोक कडूबाकडे पेढे मागू लागले. कोणी म्हणे, जमीन नांगरली कोणी अन् पीक कोणाले. कोणी त्याला वैद्याचा पत्ता सांगे. कडूबानं एक-दोन बाजार सोसले आणि मग बुलढाण्याला येऊन फिर्याद दिली, की माझी लग्नाची बायको, मी जिवंत असताना, दुसऱ्याशी लग्न लावून नांदते आहे. याला पिनल कोडात कैद आहे. पारावर मोडलेली काडी कोडात नाही.

बचाव एकच होता. आमच्या जातीत काडीमोडीची चाल आहे, पूर्वापार आहे, सगळ्यांना लागू आहे. हे शाबीत झालं तर कोकिळा सुटणार होती आणि निवृत्तीची बायको राहणार होती. नाही झालं तर जेल.

साक्षीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर कोकिळेचे वकील पंजाबराव साक्षीदारांना पढवत होते. शेषराव पान खायला बाहेर आले होते. ते खांबाला टेकून ऐकत उभे राहिले.

"चौघांनी एकच सांगाचं," पंजाबराव म्हणाले. "इंद्रभानजी, तुम्ही काय म्हणाल?"

इंद्रभान पंचांमधले वडील. फेटा नवा होता. "म्हणीन का हा आमचा दस्तूर हाये."

"दस्तूर नाही. चाल म्हणाचं."

"दस्तूर म्हणलं तं जरा वजन पडते, वकीलसाहेब."

"तुमचं वजन पडीन अन् पोरगी जेलात पडीन. मागं एका केसमंदी माह्या साक्षीदारातला एक रीत म्हणला, एक वहिवाट म्हणला, एक म्हणे आमच्यात असंच चालते. साहेब म्हणे, तुमचंच ठरेल नाही तं मी काय ठरवू? गेली केस. आता चाल म्हणा."

"चाल," इंद्रभान नाराजीनं म्हणाले.

"उकंडराव?"

"चाल. मी तं घरून निंगालो तवापासून चालच म्हणून राह्यलो. बायको म्हणे येडा झाला का."

"सोजराबाई?"

सोजराबाई पायरीवर पाय पसरून बसली होती. "मी दुसरं काय म्हणू, बाप्पा? माही सोताची काडी मोडेल हाये. त्या वक्ती हे इंद्रभान उघडे फिरत होते गावात."

"ते सांगू नका कोर्टात."

"काऊन? खरं हाये ना."

कारभारी नावाच्या चौथ्या साक्षीदारानं कोणी विचारायच्या आतच चाल म्हणून टाकलं आणि तो मोकळा झाला. कोकिळा सगळ्यांच्या मागे पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "अन् मी काय म्हणू?"

"तू काईच म्हणू नको," पंजाबराव म्हणाले. "तुहं यात काही काम नाही."

शेषरावांना त्या माणसांची कणव आली. एवढी मोठी गोष्ट, एका बाईचं सगळं आयुष्य, आणि सांगायला यांच्यापाशी शब्द एकच. तोही वकिलानं हातात ठेवलेला, जेवणावळीत पत्रावळ ठेवतात तसा. पंजाबरावांचं बोलणं त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण ही सक्ती मराठीपुरती आहे अशी त्यांची समजूत झाली. वकील जुन्या काळचे, साहित्याचं अंग नसलेले. असायचेच.

साक्षी झाल्या. चौघांनी चाल म्हटलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांना ती पटली होती असं त्यांच्या तोंडावरून वाटत होतं, पण आपल्याला पटलेली गोष्ट आपल्याच सहीनं कायदा व्हावी एवढी छाती त्यांना नव्हती. त्यांनी सहा महिन्यांची सक्तमजुरी दिली, अपिलापर्यंत जामीन दिला, आणि बाकीचं वर ठरेल असं सांगून ते उठले.

"घाबरू नका," पंजाबराव गोजरबाईला म्हणाले. "वरचे साहेब चाल मानतात. दुसऱ्या जातीची मानली हाये. फक्त ती एक पाहिजे, अन् सगळ्याईनं एकसारखी सांगेल पाहिजे. तशी आपण सांगतली."

एक दिवस गोजरबाई शोधत शोधत पडवीत आली. फाटक्या धोतराच्या फडक्यात बांधून तिनं तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. त्या तिनं टेबलावर ठेवल्या, टेबल कललं, शेषरावांनी गुडघा लावला.

"दादा, आमच्या मानसाईचं बोलणं साहेबाच्या भाषेत तुम्हीच घालता का?"

"हो, मीच."

"सारं घालान?"

"एक अक्षर सुटणार नाही."

"ते चाल म्हणले ना, तेवढं पक्कं घाला. वकीलसाहेब म्हणे, साऱ्यात मोठं तेच हाये."

"चांगलं घालतो, मावशी."

हे 'चांगलं' त्यांनी मनापासून म्हटलं होतं. दुपारी त्यांनी दौत भरली आणि सुरुवात केली. इंद्रभानच्या साक्षीत चाल आली, तिला त्यांनी कस्टम म्हटलं. छान बसलं. उकंडरावच्या साक्षीत पुन्हा चाल आली. पान तेच होतं. शेषराव थांबले, टाक झटकला, आणि त्यांनी कन्व्हेन्शन लिहिलं. सोजराबाई म्हातारी बाई, तिच्या तोंडी ट्रॅडिशन शोभून दिसलं. त्या शब्दाला पिकलेल्या केसांचा वास आहे असं त्यांना वाटलं. कारभारीसाठी काही उरतं की नाही अशी धाकधूक होती, पण प्रॅक्टिस आठवलं. पान पुरं झालं तेव्हा त्यावर एकही शब्द उपरा किंवा उष्टा नव्हता. ते त्यांनी स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. पायऱ्यांवरची ती ओबडधोबड माणसं आता शिकल्या-सवरल्या माणसांसारखी बोलत होती. गरिबाच्या पोरीला आपण अंगावरची शाल दिली, असं काहीसं त्यांना वाटलं. आजवर त्यांनी लिहिलेल्यांत हे सगळ्यांत चांगलं होतं, आणि ते खरंच तसं होतं.

कागद वर गेले. पंजाबरावांनी ते वाचले नाहीत. शेषरावांचं इंग्रजी अख्ख्या जिल्ह्यात नावाजलेलं. त्यात बघायचं काय?

निकाल यायला पावसाळा उलटला. हेडक्लार्क तो हातात घेऊन स्वतः पडवीत आले. "सुरडकर, तुमचं कौतुक आलंय वरून. नोकरीत माझी इतकी वर्षं गेली, भाषांतरकाराची दखल घेतलेली कधी बघितली नाही." आणि खरंच निकालात तसं वाक्य होतं. साक्षीदारांनी केलेले सूक्ष्म भेद भाषांतरकारानं मोठ्या दक्षतेनं जपले आहेत, त्यामुळे कोर्टाचं काम सोपं झालं, असं साहेबांनी लिहिलं होतं.

शेषरावांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग त्याच्या आधीचं वाचलं.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. चार साक्षीदार चार वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला म्हणतो कस्टम, म्हणजे बंधनकारक रूढी. दुसरा म्हणतो कन्व्हेन्शन. पण तो तर माणसांनी आपसात ठरवलेला संकेत, आज ठरवतील, उद्या मोडतील. तिसरी साक्षीदार ट्रॅडिशनबद्दल बोलते, म्हणजे वाडवडिलांकडून कानावर आलेलं, आणि कानावर आलेलं हा पुरावा नव्हे. चौथा नुसती प्रॅक्टिस सांगतो. काही लोक काही करतात एवढाच त्याचा अर्थ. चोरी हीसुद्धा काही गावांत प्रॅक्टिस असते. ज्या जातीतल्या चार जाणत्या माणसांचं आपल्या चालीच्या स्वरूपाबद्दल एकमत नाही, त्या जातीत ती चाल आहे असं धरता येत नाही. अपील नामंजूर. शिक्षा कायम.

पंजाबराव दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"कन्व्हेन्शन कोण म्हणलं, शेषराव?"

"उकंडराव. म्हणजे, तो त्याचा अर्थच आहे."

"उकंडराव चाल म्हणला."

"चाल चौघेही म्हणाले, वकीलसाहेब. एका पानावर चारदा कस्टम कस्टम लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला काय वाटलं असतं?"

"काय वाटलं असतं?"

शेषराव दौतीचं झाकण लावू लागले. पंजाबरावांनी वर पडवीच्या कौलांकडे पाहिलं. रोज याच कचेरीत यायचं होतं, याच टेबलावरून त्यांचे कागद पुढेही जायचे होते. शेवटी ते म्हणाले, "तुमचं इंग्रजी लय चांगलं हाये. मी सगळीकडं सांगत असतो." आणि दारातून वळून, "बाईले बाहीर बसवली हाये. निकाल सांगाचं काम तुमचं."

गोजरबाई आत आली आणि जमिनीवर बसली. कोकिळा आणि निवृत्ती बाहेर उभे होते. पोरगं आता चालायला लागलं होतं आणि निवृत्तीच्या धोतराला धरून होतं. शेषरावांनी निकाल उलगडला आणि वाचत वाचत मराठी करू लागले. सुरुवातीची पानं सुखरूप गेली. मग चार साक्षीदारांचं वाक्य आलं.

त्यांनी ते मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं. पहिला साक्षीदार म्हणतो चाल, दुसरा म्हणतो चाल, तिसरी म्हणते चाल, चौथा म्हणतो चाल. साक्षीदारांत एकमत नाही, सबब शिक्षा कायम. असं वाक्य माणसासमोर बोलता येत नाही. बोललं तर ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतो. शेषरावांनी घसा साफ केला.

"कोर्टाचं म्हणणं असं, की इंद्रभाननं रूढी सांगितली. उकंडरावनं संकेत सांगितला. सोजराबाईनं परंपरा, आणि कारभारीनं प्रघात. चौघांचं जमलं नाही."

गोजरबाईनं विचारलं, "उकंडभाऊ काय म्हणला?"

"संकेत."

"तो शब्द येते त्याले?"

"निकालात आहे."

"मी तं तिथंच बसेल होती, दादा. मले चालच आयकू आली."

"कोर्टात आवाज घुमतो, मावशी."

गोजरबाईनं मान हलवली. तिच्या कानांनी एक ऐकलं होतं आणि सरकारच्या कागदावर दुसरं लिहिलं होतं. कान म्हातारे होते आणि कागदावर शिक्का होता. "म्हणजे वकीलसाहेबानं एवढं शिकवलं," ती सावकाश म्हणाली, "अन् आत जाऊन चौघं चार तऱ्हेचं बोलले. माह्या पोरीसाठी एक शब्द त्याईच्या तोंडून निंगाला नाही."

शेषराव कागदाची घडी घालू लागले.

"कडूबानं काही देल्लं असन त्याईले?"

"त्याबद्दल निकालात काही नाही," शेषराव म्हणाले. हे तेवढं खरं होतं.

कोकिळा जेलात गेली. पोरगं निवृत्तीच्या आईनं ठेवून घेतलं.

पुढे काही दिवसांनी इंद्रभान पडवीत आले. फेटा तोच होता, पण नीट बांधलेला नव्हता. त्यांनी शेंगा वगैरे काही आणलं नव्हतं.

"साहेब, एक इचाराचं होतं. मी कोर्टात काय म्हणलो?"

"तुमची साक्ष चांगली झाली होती."

"चांगली नाही इचारून राह्यलो. काय म्हणलो ते इचारतो. गोजरबाई पारावर साऱ्या गावासमोर माह्या तोंडावर म्हणे, तुम्ही चौघाईनं जबान इकली. उकंडरावले म्हणे, तू संकेत म्हणला. तो बिचारा घरोघर फिरून संकेत म्हंजे काय ते इचारून राह्यला. कोणालेच माईत नाही. सोजराबाई तं तिच्याशी बोलतच नाही आता."

"वरच्या कोर्टाच्या निकालात बदल करता येत नाही, इंद्रभानजी."

"तुमच्या निकालाले काय हात लावतो मी? माह्यं सांगा ना. आता तिकडं जेलातून पोरगी सुटून येईन, तिले जातीत घ्या लागन. पंच बसल्याबिगर निवृत्तीच्या घरचे तिले चुलीजवळ येऊ देनार नाहीत. अन् पंच म्हणतात, आमाले बेइमान म्हणनाऱ्या बाईच्या लेकीसाठी आमी काऊन बसाचं? मी त्याईले म्हणलं, थांबा, मी बुलढाण्याले जाऊन इचारून येतो. आमी चाल म्हणलो असन तं तसं सांगा. गोजरबाई तुमचं आयकते. ती येऊन हात जोडीन अन् आमी बसू. दुसरं म्हणलो असन तं तसं सांगा. मंग आमचाच गुन्हा हाये."

शेषरावांनी टेबलाला गुडघा लावला. टेबलावर काही नव्हतं. सांगायचं ते एका वाक्याचं होतं आणि त्यासाठी लागणारे सगळे शब्द इंद्रभानला समजणारे होते. ते वाक्य त्यांच्या मनात तयारही झालं, आणि ते 'मले' या शब्दानं सुरू होत होतं. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांनी कचेरीच्या आवारात उच्चारला नव्हता. शिवाय निकालातलं ते कौतुकाचं वाक्य हेडक्लार्कनी बढतीसाठी कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या नजरेस आणलं होतं, आणि त्याचं काय होतं ते अजून कळायचं होतं.

"लिहिलेलं आहे तेच बोललेलं असतं," ते म्हणाले. "कायद्यानं तसंच धरतात."

इंद्रभानांनी फेटा सारखा केला. "मंग म्हणलोच असन," ते म्हणाले. "सत्तरीकडं चाललो. मानसाले याद राहत नाही." आणि जाताना त्यांनी शेषरावांना रामराम केला, तोही नेहमीपेक्षा वाकून.

कोकिळा सुटून आली तेव्हा पंच बसले नाहीत. ती निवृत्तीच्या दारापर्यंत गेली. सासूनं पोरगं बाहेर आणून दाखवलं आणि परत आत नेलं. निवृत्ती त्या दिवशी शेतावर होता. ती आईकडे राहिली आणि दोघी लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागल्या. गावच्या विहिरीवर सोजराबाई पाणी भरत असली की गोजरबाई घागर घेऊन लांब थांबायची.

पुढच्या उन्हाळ्यात निवृत्तीचा पाट लागला. नवी बाईही काडीमोड झालेली होती.